अक्षरांचा डाव, मनाचा ठाव

लिस्बनच्या फेर्नांदो पेसोआला आपल्या एका कवीमित्राची फिरकी घ्यायची होती. त्यासाठी त्याने खेड्यात राहणारा, शाळा फारशी न शिकलेला एक कवी मनातल्या मनात घडवायला घेतला. हा माणूस खरोखरच कुठेतरी राहतो, असं मित्राला भासवायचा बेत होता. काही दिवस झटूनही जमेना. नाद सोडल्यावर, ८ मार्च १९१४ रोजी तो एका उंच कपाटापाशी गेला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागला. तिसाहून जास्त कविता एका दमात उतरल्या. कवीचं नाव आल्बेर्तो काएरो. त्याच्या मागोमाग त्याचे शिष्यही आले: डॉक्टर रिकार्दो रेइस आणि ग्लासगोत शिकलेला नौका-अभियंता आल्व्हारो दे काम्पोस. पेसोआने या मंडळींच्या पत्रिकासुद्धा मांडल्या.

ही हकिकत त्याने स्वतःच १९३५ च्या जानेवारीत एका समीक्षकाला पत्रातून कळवली. पुढे अभ्यासकांनी हस्तलिखितं तपासली, तेव्हा त्या कविता एका दिवसातल्या नाहीत हे उघड झालं. म्हणजे पत्रातली गोष्टही डावाचाच भाग! पण डाव हलका नव्हता. व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रं लिहून पोट भरणारा हा अबोल माणूस त्याच वर्षी वारला, तेव्हा त्याच्या पेटाऱ्यात पंचवीस हजारांहून अधिक कागद निघाले. त्यांत डझनावारी माणसं बोलत होती, एकमेकांशी वाद घालत होती. फिरकी घ्यायला निघालेल्या पेसोआला आपल्या आत केवढी वर्दळ आहे, हे त्या फिरकीनेच दाखवलं.

मराठी वाचकाला हे अगदीच परकं वाटू नये. राम गणेश गडकरी नाटकं आपल्या नावाने लिहीत, कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ होत आणि विनोदासाठी ‘बाळकराम’. चिंतामण त्र्यंबक खानोलकर कवितेपुरते ‘आरती प्रभू’ झाले. टोपणनाव पुष्कळदा निव्वळ सोय किंवा पडदा असतो, हे खरं. पण विरहाने पोळलेला गोविंदाग्रज आणि लग्न जुळवण्याच्या खटपटींची टर उडवणारा बाळकराम शेजारी ठेवून पाहिले, तर नाव बदलताच लेखणीला वेगळी मुभा मिळते हे कळतं.

सध्या मात्र लिखाणातून स्वतःचा शोध म्हटलं की समोर येते ती रोजनिशी. सुंदर बांधणीची वही, सकाळची वीस मिनिटं, ‘आज तुम्हाला काय वाटतं?’ असा छापील प्रश्न. या प्रथेमागे काही भक्कम आधार आहे का? आहे, थोडासा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांची विद्यार्थिनी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं होतं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला सर्वांत क्लेशकारक प्रसंग. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या वेळी जास्त उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या तुलनेने कमी राहिल्या. त्यानंतर असे प्रयोग ढिगाने झाले. जोआन फ्रॅटरोली यांनी २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की फायदा होतो, पण सरासरीने लहान. छापील वह्या विकणारे यातलं ‘लहान’ तेवढं गाळतात.

शिवाय सरळ प्रश्नाला माणूस तयार उत्तर देतो, हे मुलाखती घेणारा कुणीही सांगेल. ‘तू कसा आहेस?’ या प्रश्नावर शहाणी माणसं स्वतःबद्दलचं पाठ केलेलं भाषण म्हणतात. म्हणूनच ब्रिटिश बालमनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट मुलाला प्रश्न विचारत बसण्याऐवजी कागदावर एक रेघोटी ओढायचे आणि मुलाकडे सरकवायचे. मुलाने तिचं काहीतरी करायचं, मासा म्हणा, बूट म्हणा. मग मुलाची रेघोटी, डॉक्टरांचं चित्र. तासाभरात मूल कधी कुणाला न सांगितलेलं बोलू लागे. खेळतानाच माणूस सर्जनशील होतो आणि तिथेच त्याला स्वतःचा पत्ता लागतो, ही मांडणी त्यांनी १९७१ च्या ‘प्लेइंग अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात केली.

रेघोटीचं काम शब्दांकडून करून घेणारा माणूस इटलीत होता. जान्नी रोदारी आधी प्राथमिक शिक्षक, मग पत्रकार आणि मुलांचा लेखक. १९७० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय अँडरसन पुरस्कार मिळाला. मार्च १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या गावी शिक्षकांशी त्याच्या ज्या गप्पा झाल्या, त्यांतून पुढच्या वर्षी ‘ग्रामातिका देल्ला फांताझिया’ म्हणजे कल्पनेचं व्याकरण हे पुस्तक तयार झालं. त्यातला एक खेळ असा: एक मूल फळ्याच्या दर्शनी बाजूला एक शब्द लिहितं. त्याच वेळी दुसरं मूल मागच्या बाजूला आपला शब्द लिहितं. पहिला निघाला ‘कुत्रा’. फळा फिरवला, मागे ‘कपाट’. आता दोघांची गाठ घालायची. कुत्र्याचं कपाट, कपाटावरचा कुत्रा, कपाटातला कुत्रा... आणि पाठीवर कपाट घेऊन रस्त्याने चाललेला कुत्रा दिसला की गोष्ट सुरू. शब्द जितके एकमेकांना अनोळखी, तितकं बरं. घोडा आणि कुत्रा यांच्यात फार काही घडत नाही, असं रोदारीचं म्हणणं. दोन शब्दांमधली दरी भरायला मूल आपल्याच घरातलं सामान आणतं: आपली भीती, आपले हट्ट, स्वयंपाकघरात कानावर पडलेलं भांडण. त्याला वाटतं, आपण कपाटाबद्दल बोलतोय.

आपल्याकडे हा डाव जात्यावर बसून खेळला गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या चाळताना ओवी बांधण्याची रीत दिसते. सुरुवातीचा चरण बहुधा तयार असतो, आज्या-पणज्यांपासून चालत आलेला: सूर्य उगवला, दारी तुळस, पहिली ओवी अमक्याला. खुंटा फिरत असतो, हाताची लय सुटत नाही, तेवढ्यात पुढचा चरण जोडायचा असतो. तिथे बाई आपलं घालते. न आलेला भाऊ, सासरचं बोलणं, एकटीने केलेली बाळंतपणं. हे सगळं ती चारचौघींत सांगायला गेली असती तर ‘गाऱ्हाणी गाते’ म्हणून गप्प केली गेली असती. ओवीला मात्र कुणी हटकत नसे, कारण ती आधीपासून चालत आलेली, सगळ्यांची.

उखाण्याचा नियम आणखी चोख. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही बंदी. आणि यमकात गुंफलंत तर घ्या, ही पळवाट. चांदीची वाटी, द्राक्षांचा घड असले उखाणे पुस्तकातून पाठ करून उंबरठ्यावर फेकले जातात, त्यात बाईचं काही नसतं. पण मंगळागौरीला तिसऱ्या-चौथ्या फेरीत पाठ केलेले संपतात. मग रचावं लागतं, आणि सासूच्या देखत नवऱ्याच्या आळसावर चिमटा निघतो. नवऱ्यांनीही उखाणे घ्यायची प्रथा आता रुळली आहे; त्यांचे बहुतेक अजून पहिल्या फेरीतलेच.

नियम नकोतच, असं म्हणणारेही होऊन गेले. आंद्रे ब्रेतों आणि फिलिप सुपो यांनी १९१९ मध्ये मनात येईल ते न थांबता, न खोडता लिहायचा सपाटा लावला आणि अतिवास्तववादाचा पाया घातला. त्यांच्यातूनच बाहेर पडलेल्या रेमों क्नोला हे स्वातंत्र्य खोटं वाटे. मनाच्या प्रत्येक ऊर्मीमागे आंधळेपणी धावणारा त्याच्या लेखी गुलामच होता, फक्त त्याला आपला मालक ठाऊक नसे. नोव्हेंबर १९६० मध्ये त्याने गणितप्रेमी फ्रांस्वा ल लिओने याच्यासह ‘उलिपो’ हा गट काढला. स्वतःला जाचक नियम घालून लिहायचं, एवढाच त्यांचा उद्योग. सवंगड्यांचा टवाळखोरपणा बघता त्यातून शब्दकोड्यापलीकडे काही निघेल, असं वाटलं नसतं.

निघाली ती जॉर्ज पेरेकची ‘ला दिस्पारिस्यों’ ही १९६९ ची कादंबरी. सुमारे तीनशे पानं, आणि फ्रेंचमधलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं ‘ई’ हे अक्षर एकदाही नाही. गोष्टीतली माणसं एकामागून एक नाहीशी होतात. काय हरवलंय, ते त्यांना सांगता येत नाही. कसरत म्हणून कौतुक झालं. पण पेरेकचा बाप जून १९४० मध्ये युद्धात गेला होता आणि आईला फेब्रुवारी १९४३ मध्ये आउशवित्झला धाडण्यात आलं होतं. ती परतली नाही. ‘ई’ वगळलं की फ्रेंचमध्ये ‘मेर’ (आई), ‘पेर’ (बाप), ‘फामिय’ (कुटुंब) यांपैकी एकही शब्द लिहिता येत नाही. जॉर्ज पेरेक हे नावही नाही. बालपणाच्या आठवणी नाहीत, असं सांगणाऱ्या या माणसाने सहा वर्षांनी ‘डब्ल्यू’ हे आत्मकथन लिहिलं, तेही एका बेटाच्या कल्पित कथेशी एकाआड एक प्रकरणं गुंफून. हे बेट त्याने तेरा वर्षांचा असताना कल्पिलं होतं. आधीच्या डावाशिवाय हे पुस्तक झालं असतं, असं वाटत नाही.

त्याचा सर्वांत सोपा डाव मात्र उसना आहे. अमेरिकन चित्रकार जो ब्रेनर्डने १९७० मध्ये एक पुस्तक काढलं, ज्यातली प्रत्येक नोंद ‘मला आठवतं’ने सुरू होते. पेरेकने ते उचललं आणि वर एक अट घातली: आठवण फक्त आपली नको, त्या काळात वाढलेल्या इतरांचीही हवी, आणि शक्यतो निरुपयोगी हवी. बसची तिकिटं, सायकलपटू, जाहिरातींतली वाक्यं. आपल्याकडे कुणी बसलं तर रॉकेलच्या रांगा, छायागीत, बिनाका गीतमालेचा नंबर, परीक्षेच्या पॅडवरचा गुणाकाराचा तक्ता असं काही उतरेल, आणि दहाव्या-बाराव्या नोंदीला रांगेत शेजारी कोण उभं होतं तेही. १९७८ साली आलेल्या पेरेकच्या पुस्तकात ४८० नोंदी आहेत; शेवटची अर्धवट सोडलेली. पुढे काही पानं कोरी आहेत. लेखकाच्या सांगण्यावरून प्रकाशकाने ती तशी ठेवली, वाचकांनी आपल्या आठवणी लिहाव्यात म्हणून.