कुकरवर छाप होता, नंबर नव्हता

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील विहाराच्या महिला मंडळातील नऊ भगिनींनी शंभर-शंभर रुपये काढले. वस्तीतल्याच एका मुलीचा मंगलपरिणय ठरला होता. मुलीला वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करणारी. तेव्हा सर्वांनी मिळून संसाराला उपयोगी पडेल अशी एक वस्तू द्यावी, असे ठरले. पाच लिटरचा कुकर. दुकानात चांगल्या कुकरला दोन हजार मोजावे लागतात. पण एकीच्या मुलाने मोबाइलवर तो ८९९ रुपयांत दाखविला. नाव ओळखीचे, फोटो झकास, खाली तारेच तारे. एक रुपया उरला, त्याचे अगरबत्तीला टाकले म्हणून हसणेही झाले.

लग्नानंतर पंधरवड्यात त्या कुकरचे झाकण उडाले. मुलगी शेजारीच भाकरी थापत होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, तोंड वाचले. तिने आठ दिवस माहेरी कळविलेसुद्धा नाही. माहेरच्यांनी हलकी वस्तू दिली, असे सासरी कोणी बोलेल ही भीती. आणि कळल्यावर मंडळातल्या भगिनीही गप्प. "स्वस्तातलं घेतलं, आपलंच चुकलं, दादा," असे एक ताई आम्हाला म्हणाल्या. हे बोलणे आमच्या मनाला फार लागले. फसविणारा मोकळा फिरतो आणि फसलेला मान खाली घालतो, हे आपल्याकडे फार दिवस चालत आले आहे.

आम्ही तो कुकर मागवून घेतला. वस्तीत भांड्यांच्या कारखान्यात उभी हयात घालविलेले एक काका आहेत. हातात घेताच ते म्हणाले, "पत्रा पातळ आहे. आणि हा सेफ्टी व्हॉल्व्ह नाहीच, नुसतं बटण बसवलंय." चांगल्या कुकरच्या झाकणात जो व्हॉल्व्ह असतो, त्यात कमी उष्णतेवर वितळणारा धातू असतो. शिट्टी चोंदली किंवा आतले पाणी संपले की तो वितळतो, वाफ तेथून बाहेर पडते आणि झाकण जागेवर राहते. येथे वितळायला काही नव्हतेच.

बुडाशी आयएसआयचा छाप मात्र होता, आणि तेवढा पाहून सर्वांचे समाधान झाले होते. वाचकहो, येथेच आपण फसतो. खऱ्या छापात तीन गोष्टी असतात. मधे चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक (घरगुती कुकरसाठी आयएस २३४७) आणि चिन्हाच्या खाली सीएम/एल या अक्षरांपुढे कारखान्याच्या परवान्याचा नंबर. आमच्या कुकरवर चिन्हाखाली कोरे होते. चिन्ह काय, कोणीही ठोकू शकतो. नंबरही चोरून छापणारे आहेत, म्हणून तो तपासून घ्यावा लागतो. भारतीय मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' नावाचे अॅप मोबाइलवर फुकट मिळते. त्यात हा नंबर टाकला की परवाना कोणाचा, कारखाना कुठला, कोणत्या मालासाठी आणि मुदत केव्हापर्यंत, हे सारे दिसते. खोक्यावरचे नाव आणि अॅपमधले नाव जुळले पाहिजे. मोबाइलच्या चार्जरवर आयएसआय नसते, तेथे 'आर' अक्षरापुढे नोंदणी क्रमांक असतो. तोही याच अॅपमध्ये पाहता येतो. मुलांची खेळणी आणि दुचाकीचे हेल्मेट यांना २०२१ पासून आयएसआय सक्तीचे आहे. घरगुती कुकरसाठी तसा आदेश २०२० सालीच निघाला.

आता ऑनलाइन घेताना वस्तू हातात नसते, मग नंबर पाहायचा कसा? फोटो बोटांनी मोठा करून बुड किंवा खोके पाहावे. दिसत नसेल तर वस्तूच्या पानावर प्रश्न विचारण्याची सोय असते तेथे विचारावे. उत्तर आले नाही तर घेऊ नये. विक्रेत्याचे नाव वस्तूच्या नावाखाली बारीक अक्षरात असते, त्यावर बोट ठेवले की पत्ता निघतो. मोठ्या कंपनीचे नाव आणि विकणारा भलताच, असे पुष्कळदा असते. आमच्या कुकरचे नाव तर नीट वाचल्यावर एका अक्षराने वेगळे निघाले! अभिप्राय वाचायचे तर एक आणि दोन तारेवाले आधी वाचावेत. खोके उघडताना घरातल्या मुलाला मोबाइलवर चित्रण करायला सांगावे, आणि बिल, खोके महिनाभर तरी टाकू नये. पार्सल आणणाऱ्या पोराशी मात्र भांडू नये. तोही आपल्यासारख्याच कुणाचा मुलगा, पार्सलमागे पैसे मिळविणारा. आत काय आहे ते त्याला माहीत नसते.

तक्रार करायची ठरली तेव्हा कंपनीने कळविले की, माल परत घेण्याची दहा दिवसांची मुदत संपली. आम्ही कारकुनी पेशातले, असल्या उत्तरांची आम्हाला सवय आहे. ई-कॉमर्सचे नियम २०२० साली आले. माल नकली किंवा सदोष असेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देता येत नाही, असे त्यात लिहिले आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवे, असेही आहे. शिवाय २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल दोन बड्या ऑनलाइन कंपन्यांना एक-एक लाखाचा दंड ठोठावला होता आणि ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितले होते. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, ती गोष्ट वेगळी.

पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळीत पाणी घेईपर्यंत तो हक्क कागदावरच होता. मंडळाच्या बैठकीत आम्ही एवढेच सांगितले. मग त्याच ताईंनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला. मराठीतून बोलता येते. बिल, छापाचा फोटो, मुलाच्या मोबाइलमधील वस्तूचे पान, सारे पाठविले. खोक्यावर कारखान्याचा पत्ता आणि उत्पादनाचा महिना नव्हता, तेही कळविले. तीन आठवड्यांनी ८९९ रुपये परत आले.

हाताचे काय, हा प्रश्न राहिलाच. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे भरपाई मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असे नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. मुलगी म्हणते, सासूबाईंना विचारून सांगते. आम्ही अर्जाचा मसुदा करून ठेवला आहे. कुकर विहाराच्या कपाटात आहे, आणि मंडळाची कोणतीही खरेदी करण्यापूर्वी ताई तो काढून नव्या भगिनींना त्याचे बूड दाखवितात.