डोळा किती जणांच्या हाती?

मोतीबिंदूचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न निघतो तो सर्जनचा. पालघरला दाखवायचे, विरारला न्यायचे की थेट मुंबई गाठायची, आणि तिथे ‘हात चांगला’ असलेला डॉक्टर कोण? दातिवऱ्यात आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण तो अर्धाच आहे. सर्जनचा हात तुमच्या डोळ्यावर असतो तो साधारण दहा-वीस मिनिटे. त्याआधी आणि त्यानंतर तोच डोळा कितीतरी इतर माणसांच्या हातांतून जातो. ती माणसे कुठे शिकली, अजून शिकत आहेत का, आणि चूक दिसल्यास वरिष्ठांसमोर बोलण्याची त्यांना मोकळीक आहे का, यांवर तुमची दृष्टी पुष्कळशी अवलंबून असते.

एकच उदाहरण घ्या. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जे कृत्रिम भिंग बसवतात, त्याचा नंबर आधी ठरवावा लागतो. त्यासाठी डोळ्याची लांबी मोजतात. ती सरासरी २३ ते २४ मिलिमीटर असते आणि मोजणारी व्यक्ती बहुधा सर्जन नसते. दृष्टितपासनीस किंवा तंत्रज्ञ असतो. या मोजणीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच ते तीनचा फरक पडतो. शस्त्रक्रिया कितीही निर्दोष झाली तरी आजोबा म्हणणार, ‘दिसत नाही.’ प्रकाशकिरणांनी मोजणारी यंत्रे अचूक असतात, परंतु मोतीबिंदू फार दाट झाला असेल तर त्यांचे किरण आत पोचत नाहीत. मग ध्वनिलहरींची कांडी बुबुळाला टेकवून मोजावे लागते, आणि ती किंचित जरी दाबली गेली तरी डोळा आहे त्यापेक्षा आखूड भरतो. (मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहत बसू नका, असे मी सांगतो त्याचे हेही एक कारण.) अशा वेळी सारी भिस्त असते ती कांडी धरणाऱ्या हातावर आणि शंका आल्यास पुन्हा मोजण्याच्या त्याच्या सवयीवर.

असे हात आपोआप घडत नाहीत. ते घडवण्याचे काम मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ज्या चिकाटीने केले, ते आपण समजून घेण्यासारखे आहे. १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे तरुणपणीच वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे धरायला स्वतःला शिकवले होते. अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच १९७६ सालचा. रुग्ण अमाप आणि नेत्रतज्ज्ञ मोजके, ही अडचण दोघांसमोर एकच होती.

अरविंदने काढलेला मार्ग असा. ज्या कामाला नेत्रतज्ज्ञाची गरज नाही, ते दुसऱ्या कोणाला तरी उत्तम शिकवायचे. त्यासाठी त्यांनी खेड्यापाड्यांतील, शालेय शिक्षण संपवलेल्या मुली निवडल्या आणि विद्यावेतन देऊन दोन वर्षे प्रशिक्षण दिले. कोणी दृष्टी तपासण्यात तरबेज होते, कोणी डोळ्याची मोजमापे घेण्यात, कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी हत्यारे देण्यात, तर कोणी रुग्णाचे समुपदेशन करण्यात. सर्जन एका टेबलावर काम करत असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो, तो याच मुलींमुळे. पुढे १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब ही स्वतःची उत्पादन संस्थाही काढली आणि परदेशी भिंगांच्या तुलनेत पुष्कळच स्वस्त भिंगे बनवली.

मला स्वतःला या संस्थेची आणखी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. ती आपल्या गुंतागुंती मोजते आणि जगासमोर मांडते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग हा सर्वांत भयंकर. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडल्याने काय फरक पडतो, हे त्यांनी आपल्याच सुमारे ६ लाख शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून तपासले. संसर्गाचे प्रमाण दर १० हजारांत सुमारे ७ वरून २ वर आल्याचे २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केले. ज्या रुग्णालयात वाईट निकालाची नोंद लपवली जाते, तिथे असा शोध लागणे शक्य नाही.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ज्यांची मुले-सुना नोकरीला आहेत, त्यांना हे नवे वाटणार नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी सुरक्षेवर होणारे बोलणे, कामाचा लेखी परवाना, थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही नोंद करणे, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियागृहांसाठी सुरक्षा-यादी दिली, तिच्यामागेही हाच विचार आहे. म्हणून इस्पितळात प्रत्येक जण ‘नाव काय? कोणता डोळा?’ असे पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर ‘यांना काहीच ठाऊक नाही’ असे समजून वैतागू नका. न विचारता कोणी थेंब घालू लागले, तर मात्र जरूर थांबवा. आणि काळजीवाहकांनो, एक ध्यानात असू द्या. ऐकू कमी येणारी वडीलधारी माणसे ‘उजवा ना?’ या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ म्हणतात आणि ‘डावा ना?’ यालाही ‘हो’च म्हणतात. बाबांना स्वतःच्या तोंडाने ‘माझा डावा डोळा’ असे म्हणायला घरीच शिकवून न्या.

‘शिकाऊ डॉक्टर हात लावणार नाही ना?’ ही भीती मी पुष्कळदा ऐकतो. ती निराधार नाही; पहिल्या काही शस्त्रक्रियांत गुंतागुंतीचे प्रमाण अधिक असते. पण आज ज्यांचा हात नावाजला जातो, तेही कोणाच्या तरी देखरेखीखालीच शिकले. तेव्हा शिकाऊ आहे की नाही, यापेक्षा त्याच्या शेजारी अनुभवी सर्जन बसणार का, हे विचारावे. तो तुमचा हक्क आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या संस्थांत उपचार आणि प्रशिक्षण शेजारी-शेजारी चालते, आणि जिथे शिकवले जाते तिथे प्रश्न विचारण्याची सवयही असते. आपल्या ग्रामीण रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यालाही कमी लेखू नका. पहिली तपासणी त्याच्याकडे झाली, तर मुंबईची एखादी फेरी वाचते.

घरी परतण्यापूर्वी थेंब कसे घालायचे हे कोणी हातात बाटली देऊन, तुमच्याकडून करवून घेतले का, हे पाहा. नुसता कागद हाती ठेवणे म्हणजे शिकवणे नव्हे. खालची पापणी हलकेच ओढावी, बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये, दोन वेगळ्या औषधांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे.

आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, तो तिथेच लिहून घ्या. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा आलेली नजर पुन्हा धूसर झाली, तर ती कुरकुर नव्हे, तातडीची बाब आहे. विशेषतः पहिल्या आठवड्यात ‘सकाळच्या एसटीने सफाळ्याला जाऊ, मग गाडी पकडू’ असे म्हणू नका. आतला संसर्ग तासागणिक वाढतो. त्याच रात्री त्या क्रमांकावर बोला आणि मिळेल त्या वाहनाने निघा. निघताना डोळ्याला पट्टी बांधू नका, घरातले जुने थेंब घालू नका, आणि भिंगाचे स्टिकर लावलेले कार्ड सोबत घ्या.