मलद्रव्य अणू आणि स्फटिकदोष

धातूच्या स्फटिकात मिसळलेले परक्या मूलद्रव्यांचे अणू (मलद्रव्य अणू) स्फटिकरचनेतील दोषांकडे ओढले जातात. या परस्परक्रियेमुळे धातूची कठिनता, तन्यता व ठिसूळपणा बदलतो.

यंत्रणा

धातू वाकताना अणूंचे थर एकदम सरकत नाहीत. स्थानभ्रंश नावाचा रेषेसारखा दोष त्यांतून पुढे जातो. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिला सुरकुती पाडून ती पुढे ढकलावी, तसे हे घडते. ही कल्पना १९३४ मध्ये टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे मांडली. कडेच्या स्थानभ्रंशाच्या एका बाजूला जालक दाबलेले, तर दुसऱ्या बाजूला ताणलेले असते. मोठे अणू ताणलेल्या व लहान अणू दाबलेल्या बाजूस स्थिरावल्यास ऊर्जा घटते. लोखंडाच्या अणूंमधील पोकळीत बसणारा कार्बनही ताणलेल्या बाजूस जमतो. अशा अणूंमध्ये स्थानभ्रंश अडकून पडतो.

पोलादातील परिणाम

कॉट्रेल व बिल्बी यांनी १९४९ मध्ये मृदू पोलादाच्या वर्तनाचा उलगडा याच आधारे केला. स्थानभ्रंशाभोवतीच्या अणूंच्या दाटीला ‘कॉट्रेल वातावरण’ म्हणतात. त्यातून सुटण्यास जास्त प्रतिबल लागते. सुटल्यावर कमी प्रतिबल पुरते. त्यामुळे घडवलेल्या पत्र्यावर ल्यूडर्स पट्टे उमटतात. ताणलेला पत्रा काही काळ ठेवल्यास किंवा तापवल्यास कार्बन विसरणाने परततो आणि पत्रा पुन्हा कठीण होतो. हे टाळण्यासाठी टायटॅनियम वा नायोबियम घालून कार्बन व नायट्रोजन बांधून टाकतात.

कणसीमा

स्फटिककणांमधील सीमा हाही दोषच आहे. फॉस्फरस तेथे साचल्यास पोलाद ठिसूळ होते आणि भेग कणसीमेवरून धावते.

कोल्हापूर परिसरातील उदाहरणे

शिरोली व गोकुळ शिरगाव येथे बिडाच्या ओतकामाचे कारखाने आहेत. बिडात मुक्त गंधक राहिल्यास लोह सल्फाइड कणसीमांवर जमून ओतीव भाग कमजोर होतो. म्हणून बिडात मँगॅनीज ठेवतात. त्याचे प्रमाण गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ टक्के असावे, असा प्रचलित नियम आहे. त्यातून निरुपद्रवी मँगॅनीज सल्फाइड बनते.

हातकणंगले तालुक्यातील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. शुद्ध चांदी फार मऊ असल्याने दागिन्यांच्या चांदीत तांबे मिसळतात. स्टर्लिंग चांदीत ते ७.५ टक्के असते. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा सुमारे ११ टक्के लहान असल्याने चांदीत विरघळलेले तांबे स्थानभ्रंशांना अडवते. येथे मलद्रव्य हानिकारक नसून उपयुक्त ठरते.