नाण्याआधीची गोष्ट

खोटे नाणे विकणारा आधी नाणे दाखवीत नाही. आधी गोष्ट सांगतो. आमच्या उलव्यात अशा गोष्टींना तोटा नाही. विमानतळासाठी येथली टेकडी उतरवली, नदीचे पात्र वळवले आणि २०२५ साली विमानतळाचे उद्घाटनही झाले. एवढी माती उपसल्यावर "खोदकामात हंडा लागला, साहेब, त्यातलाच हा होन," असे म्हणणारा भेटणारच! मी मराठीचा अध्यापक. पण नाण्यांचा नाद जुना. म्हणून ऐकून घेतो आणि भिंग काढतो.

भिंगाखाली काय पाहावे? शिवकालीन नाणे दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याने ठोकलेले असते. अक्षरांच्या कडा ठसठशीत उमटतात. ठसा चकतीहून मोठा असल्याने काही अक्षरे अनेकदा काठाबाहेर जातात. नकली नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले. अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, कडेला जोडाची रेघ, अक्षरे वापरलेल्या साबणावरच्यासारखी बोथट. एकाच साच्यातली दोन नाणी शेजारी ठेवा. एकावरचा खड्डा दुसऱ्यावरही त्याच जागी! वजनही बोलते. अस्सल होन सुमारे २.८ ग्रॅम भरतो.

तांब्याच्या शिवराईवर एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. येथे मराठीच्या मास्तराने लाल शाई आवरावी. 'सिव', 'छत्रपती' अशी रूपे अस्सल नाण्यांवरही आढळतात. पाहायचे ते शुद्धलेखन नव्हे, अक्षराचे वळण. ते आजच्या छापील अक्षरासारखे घोटीव दिसले, की सावध व्हावे.

आणि समजा, नाणे खरेच निघाले, तर? १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरातन धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणजे 'हंड्यातले' नाणे खोटे असेल तर फसवणूक, खरे असेल तर दडवलेले धन. दोन्हीकडून हात आखडलेला बरा.

यात इतिहासाचाही जीव गुंतलेला आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. सातवाहनांच्या विजयाची ही साक्ष मिळाली, कारण तो साठा एकत्र तपासला गेला. नाणी एकेक करून गुपचूप विकली गेली असती, तर ही साक्षही त्यांच्याबरोबर विखुरली असती.

लक्ष्मीपूजनाच्या ताटात जुने नाणे हवेच असेल, तर आजीच्या पेटीतले मांडा. विकतच घ्यायचे, तर पावती देणाऱ्या जाणत्याकडून घ्या. नाणे आधी पाहा. गोष्ट मागाहून ऐका.