डिकीतला पोलादी लोड

करी रोडच्या आमच्या चाळीतून मे महिन्यात गावाला निघालो की दादरपर्यंत टॅक्सी ठरलेली. काळी-पिवळी पद्मिनी दारात लागली की आई बोचकी घेऊन आधी डिकी गाठायची. एका वर्षी टॅक्सीवाल्यानं तिला थांबवलं. "ताई, मागे गॅसची टाकी बसवलीय. सामान वर बांधतो." त्यानं झाकण उचललं. आत एक लोड आडवा पडला होता, बैठकीवर असतो तसाच, दोन्ही टोकांना गोलसर, फक्त पोलादाचा. दोन पट्ट्यांनी करकचून आवळलेला. आमची ट्रंक दोरीनं कॅरिअरवर गेली आणि माझी नजर मागेच राहिली.

ही टाकी तिथे आली ती शहराच्या धुरामुळे. सीएनजी पुरवणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली होती. १९९९ मध्ये स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, व्ही. एम. लाल समिती बसली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी एकामागून एक सीएनजीवर गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली गाडी मिस्त्रींच्या हातून दुसऱ्याच इंधनासाठी नव्यानं बेतली गेली.

पेट्रोलची टाकी चपटी, कोनाकोनाची, जागा मिळेल तशी घडवता येते, कारण पेट्रोल नुसतं पडून असतं. गॅस पडून राहत नाही. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण १० किलो गॅस मावतो. तोच मोकळा सोडला तर चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचा जवळपास निम्मा भाग व्यापेल! एवढा पसारा लोडाएवढ्या जागेत कोंबायचा तर दाब लागतो २०० बार. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर आतून दोन क्विंटलचा रेटा. मी हिशोब करून पाहिला. आतला व्यास ३० सेंटिमीटर धरला तर टाकीच्या एकेका टोकावर सुमारे १४० टन जोर येतो. माल भरलेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, दीड टनाच्या आसपास असतो. असे नव्वद टेम्पो एका टोकाला आतून ढकलताहेत, दुसऱ्या टोकाला तितकेच उलट दिशेनं, आणि त्यांच्यापुढे दोन हातांवर मागच्या सीटवर माणसं भजी खात बसली आहेत.

चपट्या पत्र्याला असा रेटा मिळाला तर तो मधोमध फुगेल आणि कोपऱ्यात फाटेल. गोल भिंतीला कोपराच नाही. ताण सगळीकडे वाटला जातो. म्हणून हा लोडाचा आकार. टाकी बिनजोड पोलादी नळीपासून करतात. नळीचं टोक लालबुंद तापवून, गरागरा फिरवत, दाबत दाबत मिटवतात. कुंभार चाकावर मडक्याचा गळा आवळतो तसंच. वेल्डिंगचा एकही टाका नाही.

रिकामी टाकीच पन्नास-साठ किलोची. म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे एक प्रवासी कायमचा बसला. बैलगाडीत माल मागे भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, टॅक्सीचंही तेच. मागची बाजू बसते, पुढची हलकी होते, स्टिअरिंग सैल वाटतं. त्यावर उपाय म्हणजे मागच्या कमानपाट्यांत एक पाटा वाढवायचा. पिकअपची गोष्ट सोपी. तिच्या हौद्याखाली, दोन आसांच्या मध्ये, चॅसीलाच टाक्या टांगता येतात. वजन मधोमध राहतं आणि मागून धडक बसली तरी टाकी आत असते. टॅक्सीच्या पोटाखाली तेवढी जागा कुठून आणणार?

टाकीपासून करंगळीहून बारीक पोलादी नळी गाडीखालून इंजिनापर्यंत जाते. तिथे रिड्यूसर गॅसचा दाब उतरवतो. एकदम सैलावलेला गॅस विलक्षण गार होतो. टायरची हवा सोडताना बोटाला लागतो तो गारवा याच जातीचा. मुंबईच्या ऐन मे महिन्यात रिड्यूसर गोठू शकतो! म्हणून इंजिन थंड ठेवताना तापलेलं पाणीच त्याच्याभोवती खेळवतात. एकाची नकोशी उष्णता दुसऱ्याला तगवते, हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ बॉनेटखाली बघत उभा होतो.

मला सर्वांत भावलेली वस्तू मात्र एक साधी पिशवी आहे. टाकीच्या व्हॉल्व्हभोवती ती घट्ट बांधलेली असते आणि तिच्यातून निघालेल्या नळ्या तळातून गाडीबाहेर जातात. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा. उघड्यावर सुटला की वर निघून जातो. पण बंद डिकीत तो साचेल, तिथून माणसांपर्यंत येईल. पिशवी त्याला बाहेरची वाट देते. गॅसला स्वतःचा वास नसतो म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात, म्हणजे नाकही पहाऱ्यावर राहतं.

दर तीन वर्षांनी टाकी उतरवून तपासावी लागते. तेव्हा तिच्यात गॅस नाही, पाणी भरतात आणि रोजच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. पाणी दाबलं तरी जेमतेम आक्रसतं. त्यामुळे टाकी हरलीच तर तडकते, स्फोट होत नाही. तपासणीची तारीख पोलादावरच ठोकतात.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. तिच्या जागी आलेल्या गाड्यांच्या डिकीतही तोच लोड आहे. मध्यंतरी एका गॅरेजात तो बसवताना पाहिला. सगळे नट आवळून झाल्यावर मिस्त्रीनं वाटीत साबणाचा फेस केला, ब्रशानं प्रत्येक सांध्याला लावला आणि उकिडवा बसून बघत राहिला. कुठे बुडबुडा फुगतोय का? मीही त्याच्या शेजारी वाकलो. फेस सांध्यावर तसाच बसून हळूहळू सुकत गेला.