क्लीव्हलंड ते ला लिबेर्ताद

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या क्लीव्हलंड धर्मप्रांताने मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाशी १९६४ मध्ये जो ऋणानुबंध जोडला, त्याचा मागोवा घेताना मनात सर्वप्रथम भरते ते हे, की केवळ द्रव्य धाडून कर्तव्याची इतिश्री न मानता या धर्मप्रांताने आपली माणसे दिली. उत्तर अमेरिकेतील धर्मसंघांनी आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा दहा वर्षांत लॅटिन अमेरिकेच्या सेवेस द्यावा, असे आवाहन पोप तेविसावे जॉन यांच्या वतीने १९६१ मध्ये झाले होते. त्याला प्रतिसाद म्हणून क्लीव्हलंडने धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक यांचे एक पथकच उभारले.

चिरिलाग्वा, सारागोसा, ला लिबेर्ताद या धर्मग्रामांतून हे पथक काम करू लागले. धर्मशिक्षक तयार करावेत, धान्य वाटावे, बाळंतिणींची व अर्भकांची काळजी घ्यावी, असे त्या कामाचे साधे स्वरूप होते. परंतु कॉफीचे मळे आणि जमिनी मूठभर घराण्यांच्या हाती एकवटलेल्या त्या मुलखात कुळांनी एकत्र बसून बायबल वाचणे हेच मुळी जमीनदारांना व फौजेला बंडाळीचे लक्षण वाटू लागले, आणि सेवाकार्य हळूहळू संशयास पात्र ठरले.

१९८० साल उजाडले ते यादवी घेऊनच. २४ मार्च रोजी आर्चबिशप ओस्कार रोमेरो यांना मिस्सा अर्पण करीत असतानाच गोळी घालण्यात आली. त्यांच्या शवपेटीजवळ ज्यांनी जागरण केले, त्यांत क्लीव्हलंडच्या दोघी होत्या. एक अर्सुलाइन भगिनी डोरोथी कॅझेल, १९७४ पासून तेथे राबणाऱ्या. दुसरी सव्वीस वर्षांची जीन डोनोव्हन, क्लीव्हलंडमधील एका मोठ्या पेढीतील नोकरी सोडून आलेली प्रापंचिक तरुणी. गावे उद्ध्वस्त झालेल्या बायकामुलांना आपल्या पांढऱ्या व्हॅनमधून निर्वासितांच्या छावणीत पोहोचविणे हा त्या दोघींचा नित्यक्रम झाला होता. परत जाण्याची वाट दोघींनाही मोकळी होती, हे विसरून त्यांच्या राहण्याचे मोल करता येणार नाही.

२ डिसेंबरच्या रात्री निकाराग्वाहून परतणाऱ्या इटा फोर्ड आणि मॉरा क्लार्क या अमेरिकेतील मेरिनॉल धर्मसंघाच्या भगिनींना आणण्यासाठी डोरोथी आणि जीन विमानतळावर गेल्या. परतताना एल साल्वादोरच्या नॅशनल गार्डच्या साध्या वेषातील शिपायांनी व्हॅन अडविली, चौघींवर अत्याचार केले आणि त्यांना ठार मारले. दुसऱ्या दिवशी सांतियागो नोनुआल्कोजवळच्या शेतकऱ्यांना मृतदेह दिसले, ते हुकमानुसार एकाच खड्ड्यात पुरले गेले; ४ तारखेस दोर लावून ते वर काढले जात असताना काठावर भगिनी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट व्हाइट हे पाहत उभे होते. कॅझेल यांचा देह क्लीव्हलंडला रवाना झाला. मेरिनॉलच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या दोघी भगिनी, जेथे त्या काम करीत होत्या त्या चालातेनांगोच्याच भूमीत विसावल्या.

मला या सबंध इतिहासात सर्वांत बोचते ते हे, की ज्या सरकारच्या शिपायांनी हे कृत्य केले, त्याला पोसणारे लष्करी साहाय्य या चौघींच्याच मायदेशातून येत होते. हत्येनंतर ते स्थगित झाले खरे, पण काही आठवड्यांतच पुन्हा सुरू झाले. एकाच देशाने शेजाऱ्याकडे एका हाताने बंदुका आणि दुसऱ्या हाताने धर्मभगिनी पाठवाव्यात, याहून दारुण विसंगती कोणती?

१९८४ मध्ये पाच शिपायांना तीस वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. हुकूम वरून आला होता, आणि पुढे प्रकरण दडपण्यात आले, हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये नमूद केले. गार्डचे तत्कालीन प्रमुख व्हिदेस कासानोव्हा यांना अमेरिकेने हद्दपार केले, ते २०१५ मध्ये. या साऱ्या वर्षांत यादवी संपविणारा १९९२ चा तह झाला, २००१ चे दोन भूकंप झाले, २०१८ मध्ये रोमेरोंना संतपद मिळाले. हत्येच्या त्या हिवाळ्यात पथक माघारी बोलावण्यास कारण पुरेसे होते आणि कोणी दोषही दिला नसता. तरी क्लीव्हलंडने ते बोलावले नाही, आणि युद्ध संपल्यावरही त्याची माणसे तेथील धर्मग्रामांत काम करीतच राहिली.