भयपट, ‘बाहेरची बाधा’ आणि आपण

भयपटांची चर्चा धर्मशास्त्राच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर अगदी व्यावहारिक आहे. ‘फादर, मुलीला बाहेरचे काही लागले आहे, एकदा येऊन पाहा,’ असे म्हणत जो गृहस्थ आपल्या दारी येतो, त्याच्या मनात त्या ‘बाहेरच्या’चे चित्र आधीच तयार असते. त्या चित्राचे काही रंग शुभवर्तमानातले असतात, काही आजीच्या गोष्टींतले, आणि आपणांस रुचो वा न रुचो, काही पडद्यावरचे असतात. हे चित्र कसे घडते, हे समजून घेण्यास आधुनिक कथामीमांसा आणि समाजमानसशास्त्र यांचे साहाय्य होते.

कथेच्या घडणीविषयी त्स्वेतान तोदोरोव्ह या मूळच्या बल्गेरियन फ्रेंच समीक्षकाने १९६९ च्या सुमारास मांडलेला विचार सोपा आहे. प्रत्येक कथा एका समतोल स्थितीत सुरू होते. काहीतरी घडून तो तोल ढळतो. पात्रांना त्याची जाणीव होते. ती तो सावरू पाहतात. आणि अखेरीस नवा समतोल प्रस्थापित होतो. हा नवा समतोल पहिल्यासारखा असतो, पण तोच नसतो. १९७० मध्ये त्यानेच अद्भुत साहित्यासंबंधी आणखी एक मार्मिक सिद्धान्त मांडला. समोर घडते आहे ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या संभ्रमात वाचक जोवर असतो, तोवरच अद्भुताचे राज्य चालते. निर्णय झाला की ते संपते.

या दोन्ही कसोट्यांवर विल्यम फ्रीडकिन यांचा ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) हा चित्रपट पारखून पाहण्यासारखा आहे. त्याची पटकथा विल्यम पीटर ब्लॅटी यांनी आपल्याच १९७१ च्या कादंबरीवरून लिहिली. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊन येथे राहणारी एक अभिनेत्री, तिची बारा वर्षांची मुलगी रेगन, आणि हळूहळू पालटत जाणारे त्या मुलीचे वर्तन, एवढी ही कथा. तिचे नाव ज्या विधीवरून पडले तो विधी चित्रपटात फार उशिरा येतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. त्याआधी डॉक्टर येतात, मेंदूच्या तपासण्या होतात, मनोविकारतज्ज्ञ येतात. भूतनिरसनाची सूचना धर्मगुरू करीत नाहीत. रुग्णाच्या श्रद्धेचा उपचारापुरता उपयोग म्हणून ती वैद्यकाकडून येते. फादर कॅरस हे येशूसंघीय धर्मगुरू स्वतः मनोविकारतज्ज्ञ असून ते या प्रकाराकडे साशंकपणेच पाहतात. पवित्र जल म्हणून ते नळाचे साधे पाणी शिंपडतात, तरीही मुलगी तडफडते. या एका प्रसंगात तोदोरोव्हचा सारा संभ्रम सामावला आहे.

शेवट मात्र अधिक विचारात पाडणारा आहे. वृद्ध फादर मेरिन विधी चालू असताना मरण पावतात. कॅरस त्या दुष्ट शक्तीला स्वतःवर ओढवून घेतात आणि खिडकीतून खाली झेप घेतात. मुलगी बरी होते, घराचा तोल सावरतो. पण दोन धर्मगुरूंच्या प्राणांचे मोल देऊन. हा आत्मयज्ञाचा विजय, अशी ब्लॅटींची धारणा होती. अनेक प्रेक्षकांना मात्र सैतान जिंकला असेच वाटले. २००० मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या अखेरीस थोडा आश्वासक संवाद जोडलेला होता. नवा समतोल प्रेक्षकाच्या पदरात पडला नाही तर कथा संपूनही संपत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता समाजमनाकडे वळू. सर्ज मोस्कोव्हिसी यांनी १९६१ मध्ये फ्रान्समध्ये मनोविश्लेषणशास्त्राची प्रतिमा समाजात कशी पसरली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. (त्यात कॅथलिक वृत्तपत्रांचाही स्वतंत्र विचार आहे, धर्मशिक्षकांनी तो भाग मुद्दाम पाहावा.) अपरिचित गोष्ट समाज दोन मार्गांनी पचवितो, असे ते म्हणतात. एक, तिला जुन्या परिचित कल्पनेच्या खुंटीला बांधणे. दुसरा, अमूर्त कल्पनेला डोळ्यांना दिसेल असे रूप देणे. अपस्मार वा उन्माद यांना ‘लागीर’ म्हणणे हा पहिला प्रकार. ‘दुष्टता’ या अमूर्त तत्त्वाला गरगर फिरणारी मान, घोगरा आवाज आणि हलणारा पलंग देणे हा दुसरा. एकदा हे रूप रूढ झाले की लोक आजाऱ्याच्या वर्तनात तेच शोधू लागतात, आणि कधी कधी आजारीही तेच दाखवू लागतो.

यात जीव जातो. जर्मनीतील क्लिंगेनबर्ग येथे अ‍ॅनेलीज मिशेल ही २३ वर्षांची तरुणी १ जुलै १९७६ रोजी उपासमारीने मरण पावली. तिला अपस्माराचे निदान झालेले होते. तरी बिशपांच्या अनुमतीने तिच्यावर ६७ वेळा भूतनिरसनविधी करण्यात आला. १९७८ मध्ये न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोघे धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले. हे चित्रपटामुळे घडले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु अधिकृत अनुमती असली म्हणजे विवेकाची जबाबदारी संपत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ११७२ बिशपांच्या खास अनुमतीविना हा विधी करण्यास मनाई करते, आणि ती अनुमती भक्ती, ज्ञान, विवेक व निर्मळ आचरण असलेल्या धर्मगुरूसच द्यावी, असे सांगते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसाला साखळीने बांधणे, मारहाण करणे हा गुन्हाच ठरविला आहे.

‘बाहेरची बाधा’ हा आपला शब्दप्रयोगच एक कथा सांगतो: घर निर्दोष, दोष बाहेरून आलेला. ‘द एक्झॉर्सिस्ट’ही तेच मानतो; त्यातील अमंगळाची चाहूल प्रथम इराकच्या उत्खननात लागते. परदेशी, पुरातन, परधर्मी ते भयंकर, ही प्रतिमा प्रेक्षकाच्या मनात किती सहज रुजते! रॉबिन वुड या समीक्षकाने १९७९ मध्ये याच्या उलट बाजू दाखविली: समाजाने जे दडपले, तेच राक्षस होऊन परत येते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा मराठी चित्रपट या दृष्टीने पाहावा. उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात आश्रयाला आलेली एक गर्भवती, आणि तेथे वावरणारी मुलांची भुते. येथे भुते तोल बिघडवीत नाहीत. मुलगी नको म्हणून केलेल्या हत्यांवर उभा असलेला घराचा तो आधीचा तोलच मुळात पाप आहे. समतोल खरा, पण कोणाचा आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न तोदोरोव्हच्या आराखड्यात नाही. तो आपण घालावा लागतो.

मार्कच्या पाचव्या अध्यायातील थडग्यांत राहणारा मनुष्य आठवावा. गावाने त्याला वारंवार साखळदंडांनी बांधले होते. हा त्या गावाचा समतोल. येशू त्याला बांधत नाही, त्याचे नाव विचारतो. तो वस्त्रे नेसून, शुद्धीवर येऊन बसलेला दिसतो तेव्हा गावकऱ्यांना आनंद होत नाही. त्यांना भीती वाटते, आणि दोन हजार डुकरे बुडालेली ऐकून ते येशूलाच आपल्या प्रांतातून निघून जाण्याची विनंती करतात. युवकांच्या वर्गात भयपटाचा विषय निघाला तर हा उतारा आणि ‘लपाछपी’ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, आणि गावकरी नेमके कशाला घाबरले, तेथून चर्चेला आरंभ करावा.